‘मोठी समजूतदार आहे’

पत्र : मी दारव्हा तालुक्यातली. मुलगा सात वर्षांचा. सारखा पडायचा, खालून उठताना मांडीवर हात टेकायचा, पोटऱ्या मात्र पहिलवानासारख्या. नागपूरला तपासणीत डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार, निघाला. सासूबाई म्हणतात, “आमच्या खानदानात असं कोणालेच नोयतं, हे तुह्या माहेरूनच आलं.” हे तर बोलतच नाहीत, एक एकर विकून जडीबुटीवाल्याकडे न्यायचं एवढंच म्हणतात. मोठी मुलगी अकराची, ती समजूतदार आहे, तिचं काही टेन्शन नाही. काय करू?

ताई, सासूबाईंचं बोलणं एवढं टोचतं, कारण त्यात अर्धं खरं आहे. हा बिघाड एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलाला ते आईकडूनच मिळतं. पण साधारण तिनातल्या एका मुलात तो नव्यानेच झालेला असतो, आईच्या रक्तात काही सापडत नाही. तुमच्यात सापडला तरी तो काही तुम्ही आंदणात बांधून आणला नव्हता. तुमची तपासणी जरूर करा, पण ती पुढच्या बाळंतपणाचा विचार करण्यासाठी आणि स्वतःच्या हृदयासाठी, कारण वाहक, म्हणजे हा बिघाड अंगात असलेल्या, बायकांच्या हृदयावरही परिणाम होऊ शकतो. सासूबाईंना कागद दाखवायला करू नका.

वावर विकू नका. हा आजार मुळापासून घालवणारी जडीबुटी नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या मुलाचं चालणं काही वर्षं लांबवू शकतात. त्या एकदम बंद करणं धोक्याचं असतं. ‘आधी त्या गोळ्या थांबवा’ असं कोणी म्हटलं की तिथूनच परत फिरा. पैसा पुढे लागणार आहेच : बारा-तेराच्या आसपास बहुतेक मुलांना चाकाची खुर्ची लागते, मग घराला उतार, कमोड, शाळेची ने-आण. 2016च्या दिव्यांग कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफी नावानिशी आहे, तेव्हा दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र आत्ताच काढा. मुंबईचं केईएम रुग्णालय हे दुर्मिळ आजारांच्या सरकारी धोरणातलं केंद्र आहे. तिथे पाठवायचं का, ते नागपूरच्या डॉक्टरांना विचारा.

घोट्यांना रोज ताण द्यायचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून तुमच्या यजमानांना शिकू द्या, तुम्ही शिकू नका. न बोलणाऱ्या बापाला रोज संध्याकाळी पोराचा पाय हातात घेऊन बसू दे. एकर विकण्यापेक्षा हे जड आहे, म्हणूनच ते त्यांच्याकडे द्या.

आता तुमची शेवटची ओळ. मुलाच्या पोटऱ्यासुद्धा पत्रात आल्या, मुलीला मात्र अर्धं वाक्य. अकरा वर्षांची पोर अशी समजूतदार होते, तेव्हा बऱ्याचदा तिनं पाहिलेलं असतं की आपल्या तक्रारीला या घरात सध्या जागा नाही. भावाचं दप्तर कोण उचलतं, तुम्ही लिहिलं नाहीत. मी ओळखू शकते. ‘माहेरून आलं’ हे तीही ऐकते. भाऊ बरा होईल का, कधी ढकललं म्हणून तर हे झालं नाही ना, हे ती कोणाला विचारणार? तिला आजाराचं नाव सांगा, ढकलल्यानं होत नाही हे सांगा, बरा होण्याचं खोटं वचन देऊ नका. ती वाहक आहे का, या तपासणीची घाई नको. मोठी झाल्यावर तिचं ती ठरवेल. आणि तोवर हा विषय भावकीत, सोयरिकीच्या गप्पांत जाऊ देऊ नका.

येत्या बाजाराला तिला एकटीला न्या. भांडली, हट्ट केला तर करू द्या. पिशवी तेवढी तिच्या हातात देऊ नका.