जठर नसलेल्या माशाला खाऊ घालताना
मत्स्यशेती : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बियाण्याविषयीची आणि खाद्याविषयीची पत्रे वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. प्रश्न वेगवेगळ्या जिल्ह्यांतले असले, तरी त्यांतले बहुतेक माशाच्या पचनसंस्थेपाशीच येऊन थांबतात, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : माझे दहा गुंठ्यांचे प्लास्टिक अस्तराचे शेततळे आहे. बोअरवेलच्या पाण्याने ते भरून दुसऱ्याच दिवशी रोहू-कटल्याचे एक लाख मत्स्यजिरे सोडले. पहिल्या दिवसापासून शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा सम प्रमाणात दळून रोज तीन किलो टाकत होतो. आठवड्याभरात जवळजवळ सगळे जिरे नाहीसे झाले. बियाणे पुरवणारा म्हणतो की खाद्य खराब होते. खरे कारण काय असावे? (एक शेतकरी, जि. पुणे)

उत्तर : तुमचे पत्र वाचून वाईट वाटले, कारण पहिल्या हंगामात माझ्या हातूनही हेच झाले होते. तुम्ही लिहिले आहे त्यावरून खाद्य खराब असण्यापेक्षा ते चुकीच्या वयात आणि चुकीच्या मापाने पडले असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

जिरे म्हणजे लहान आकाराचा पूर्ण मासा, ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागेल. रोहूचे अंडे २७ ते ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात साधारण १५ ते १८ तासांत फुटते. त्यातून बाहेर येणाऱ्या पिलाला उघडे तोंड नसते आणि कामाचे आतडेही नसते. पोटाला चिकटलेल्या पीतकाच्या (अंड्यातील बलकाच्या) पिशवीवरच ते तीन दिवस जगते. हॅचरीतून तुमच्याकडे येणारे जिरे साधारण ७२ तासांचे आणि सहा मिलिमीटरच्या आसपास लांबीचे असते, म्हणजे शिदोरी संपत आली आहे आणि तोंड नुकतेच उघडले आहे, अशा नाजूक घडीला ते तुमच्या तळ्यात पडते. (१९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीच्या इंजेक्शनाने भारतीय कार्प माशांचे (रोहू, कटला, मृगळ यांच्या कुळातल्या माशांचे) प्रजनन घडवून आणले. त्याआधी बियाणे नदीतून गोळा करावे लागे आणि त्यात सगळ्या वयांची, सगळ्या जातींची पिले मिसळलेली असत. आज आपल्याला जिऱ्याचे वय तासांत सांगता येते. त्या माहितीचा उपयोग आपण करून घेतलाच पाहिजे.)

पांढऱ्या बशीत थोडे पाणी घेऊन त्यात चार-पाच जिरे सोडावे आणि साध्या भिंगातून पाहावे. शरीर काचेसारखे पारदर्शक असल्यामुळे आतडे डोळ्यांना दिसते. डोक्यामागून गुदद्वारापर्यंत गेलेली ती एक सरळ, आखूड नळी असते. तिला ना वेटोळे असते ना जठर. त्या नळीत तपकिरी रेघ दिसली, तर पिलू खात आहे असे समजावे. जिरे सोडून दीड-दोन दिवस झाले आणि नळी रिकामीच, स्वच्छ दिसत असेल, तर पिले उपाशी आहेत, मग वरून कितीही पेंड टाकलेली असो.

या आखूड नळीत पाचक रस अगदी थोडे असतात. प्रथिने फोडणारे ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन सुरुवातीपासून काम करतात, पण त्यांचा जोर कमी असतो, आणि अर्धवट फुटलेली प्रथिने आतड्याच्या मागच्या भागातील पेशी तशीच आत ओढून घेतात. अशा पचनाला पेंडीचा कोरडा कण जड जातो. याउलट रोटिफर, मोइना यांसारखे प्राणीप्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) मऊ असतात, त्यांत पाणी भरपूर असते आणि बरीचशी अमिनो आम्ले आधीच विरघळलेल्या रूपात असतात. रोटिफर मिलिमीटरच्या एक ते तीन दशांशाएवढे, म्हणजे त्या तोंडात मावतील असेच असतात. शिवाय ते हलतात, आणि पिलू हलणाऱ्या गोष्टीवरच झडप घालते.

आता तुमचे तळे पाहू. बोअरचे पाणी आदल्या दिवशी भरलेले आणि खाली प्लास्टिक, म्हणून मातीतून येणारे काहीही नाही. त्या पाण्यात प्लवंग नव्हतेच. पिलांना खाण्याजोगे काही मिळाले नाही, आणि जे टाकले गेले ते तळाशी साचून कुजले. एक लाख जिऱ्याचे एकूण वजन जेमतेम १४० ग्रॅम असते. शिफारस पहिल्या पाच दिवसांसाठी रोज सुमारे ६०० ग्रॅम आणि त्यानंतर सुमारे १ किलो २०० ग्रॅम पावडरीची आहे, तीही सकाळ-संध्याकाळ विभागून. तुम्ही पाचपट टाकत होता. त्यातली काही पेंड प्लवंग वाढवायला खत म्हणून उपयोगी पडते हे खरे असले, तरी पाचपट पेंड अमोनिया वाढवते आणि रात्री पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते.

पुढच्या वेळी क्रम असा ठेवावा. मातीच्या नर्सरीसाठी, म्हणजे जिरे वाढवण्याच्या तळ्यासाठी, दर हेक्टरी ७५० किलो शेंगदाणा पेंड, २०० किलो ताजे शेण आणि ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट असे मिश्रण सुचवले जाते. म्हणजे दहा गुंठ्यांना सुमारे ७५, २० आणि ५ किलो. हे दोन दिवस भिजवून, पातळ काला करून, त्यातला निम्मा भाग जिरे सोडण्याच्या दोन-तीन दिवस आधी टाकावा आणि उरलेला पुढे दोन-तीन हप्त्यांत, पाण्याकडे पाहून टाकावा. अस्तराच्या तळ्यात माती नसल्यामुळे मी मात्रा थोडी कमी ठेवतो, सुरुवात चार-पाच दिवस आधी करतो आणि एखाद्या जुन्या, निरोगी तळ्याचे पाणी बारीक जाळीतून गाळून त्यात सोडतो. प्लवंगजाळीतून ५० लिटर पाणी गाळल्यावर काचेच्या नळीच्या तळाशी एक ते दीड मिलिलिटर तपकिरी गाळ बसला, तर जिरे सोडायला हरकत नाही. गाळ हिरवा असेल, तर ती शेवाळे आहेत. या वयाला त्यांचा उपयोग नाही.

पाण्यातल्या किड्यांकडेही लक्ष द्या. पाठीवर उलटा पोहणारा नोटोनेक्टा एकेक जिरे पकडून शोषून घेतो. जिरे सोडण्याच्या १२ ते २४ तास आधी, वारा पडलेला असताना, दहा गुंठ्यांना साडेपाच किलो स्वस्त वनस्पती तेल आणि पावणेदोन किलो साबण यांचे मिश्रण पृष्ठभागावर पसरवले, की या किड्यांना श्वास घेता येत नाही. हे सगळे नीट केले, तरी मातीच्या नर्सरीत निम्मे जिरे हाती लागले, तर हंगाम चांगला गेला असे आम्ही मानतो.

प्रश्न : घरचे सोयाबीन आहे. ते दळून बोटुकलीला (बोटाएवढ्या पिलांना) दिले, तर पेंडीचा खर्च वाचेल का? सरकीची पेंडही आमच्याकडे स्वस्त मिळते. (एक वाचक, जि. लातूर)

उत्तर : कच्चे सोयाबीन कोणत्याही वयाच्या कार्प माशाला देऊ नये. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिनचे काम रोखणारा घटक असतो. ज्या माशाला जठर आहे, त्याच्याजवळ आम्ल आणि पेप्सिन हे प्रथिने फोडण्याचे दुसरे साधन असते. रोहू, कटला आणि मृगळ यांना जठर मुळातच नसते, ते मोठे झाल्यावरही येत नाही. घशातून अन्न थेट आतड्याच्या पुढच्या रुंद भागात उतरते, तिथे आम्ल नसते आणि सगळी मदार ट्रिप्सिनवर असते. तेच रोखले गेले, की खाल्लेले प्रथिन विष्ठेतून बाहेर जाते आणि तुमचे सोयाबीन तळ्याचे खत होऊन बसते. दाणे रात्रभर भिजवून अर्धा तास चांगले उकळले, तर हा घटक बराचसा निष्क्रिय होतो. तेल काढलेली, उष्णता दिलेली सोयाबीन पेंड बाजारात मिळते, तिच्यात प्रथिने ४४ टक्क्यांच्या पुढे असतात आणि ती वापरणे अधिक सोयीचे आहे.

सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल हा विषारी घटक असतो. मोठ्या माशांच्या खाद्यात ती थोड्या प्रमाणात चालते, पण लहान पिलांना आणि प्रजननासाठी ठेवलेल्या माशांना मी ती देत नाही. शेंगदाणा पेंड घेताना हातात घेऊन वास घ्यावा. बुरशीचा वास आला तर ती टाकून द्यावी, उकळून वापरू नये, कारण बुरशीचे अफ्लाटॉक्सिन उकळण्याने नष्ट होत नाही.

जठर नसण्याचा आणखी एक परिणाम क्वचितच कोणी सांगतो. मासळीच्या कुटीतल्या हाडांमधला फॉस्फरस आम्लाशिवाय नीट सुटत नाही, आणि भाताच्या कोंड्यातला फॉस्फरस फायटेट या सहज न पचणाऱ्या रूपात अडकलेला असतो. म्हणून घरी खाद्य तयार करणाऱ्याने खनिज मिश्रण विकत घेताना त्यात मोनोकॅल्शियम फॉस्फेट आहे का, हे पिशवीवर वाचून घ्यावे. पाण्यात सहज विरघळणारा हा प्रकार कार्प माशाला लागू पडतो.

प्रश्न : वीस गुंठ्यांच्या तळ्यात सुमारे हजार मासे आहेत, सरासरी वजन दोनशे ग्रॅम. शेजारी पहाटे एकदाच सगळे खाद्य टाकून मोकळे होतात. ते बरोबर आहे का, आणि थंडीत किती द्यावे? (एक शेतकरी, जि. अहिल्यानगर)

उत्तर : हजार मासे दोनशे ग्रॅमचे म्हणजे दोनशे किलो. या वजनाला तीन टक्के धरले, तर रोजचे सहा किलो होतात. बोटुकली असताना पाच टक्क्यांपासून सुरुवात करून मासा वाढेल तसा टक्का दोनपर्यंत खाली आणायचा असतो. प्रथिनांची गरजही तशीच उतरते : फ्रायला (जिरे आणि बोटुकली यांच्या मधल्या पिलाला) चाळीस टक्क्यांच्या आसपास, बोटुकलीला तीस ते पस्तीस आणि वाढीच्या माशाला पंचवीस ते तीस. वय वाढते तसे आतडेही बदलते. सहा मिलिमीटरच्या पिलात जी सरळ नळी होती, तीच मोठ्या रोहूत वेटोळे घालून शरीराच्या लांबीच्या आठ-दहा पट किंवा त्याहूनही लांब होते; पिष्ट पचवणारे अमायलेज भरपूर तयार होते आणि कोंड्याचा उपयोग खऱ्या अर्थाने तेव्हाच होऊ लागतो. मुख्यतः प्राणीप्लवंग खाणाऱ्या कटल्याचे आतडे रोहूपेक्षा बरेच आखूड राहते.

हे सहा किलो एकदम टाकणे योग्य नाही. साठवायला जठर नसल्यामुळे कार्प मासा थोडे थोडे, दिवसभर चरत खातो, आणि एका वेळी ढीग पडला, तर बराचसा न पचताच पुढे सरकतो. दोन किंवा तीन वेळा द्यावे. आंध्रात कोल्लेरू सरोवराच्या परिसरात तळाशी छिद्रे पाडलेल्या पिशव्या बांबूला बांधून पाण्यात लटकवतात आणि मासे त्यांना तोंड लावून हळूहळू खातात. ही रीत मला फार आवडते, कारण दोन तासांनी पिशवी वर काढली, की मासे किती खात आहेत हे हाताला कळते.

पहाटेची वेळ तर सोडाच. रात्रभराच्या श्वसनाने पहाटे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो, आणि खाल्ल्यानंतर माशाची प्राणवायूची गरज वाढते. सूर्य चांगला वर आल्यावर, आठ-नऊच्या सुमारास पहिला घास द्यावा. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर त्या दिवशी खाद्य देऊच नये. ती भूक नव्हे, गुदमर आहे.

थंडीत सकाळी पाण्यात थर्मामीटर धरावा. तापमान वीस अंशांच्या खाली गेले, की निम्मे खाद्य पुरे, आणि तेही दुपारी द्यावे. माशाचे शरीर पाण्याइतकेच थंड असते आणि पाचक रसही त्याच गतीने काम करतात.

प्रश्न : खाडीकाठच्या तळ्यात जिताडा वाढवायचा आहे. अगदी लहान पिले आणून सुरुवातीपासून गोळी खाद्यावर ठेवता येतील का? (एक वाचक, जि. रायगड)

उत्तर : जिताड्याची गोष्ट कार्पच्या उलट आहे. त्याला मोठे, आम्लाचे जठर असते, पण तेही जन्मतः नसते. ते साधारण तिसऱ्या आठवड्यात कामाला लागते. तोवर त्याला आधी रोटिफर आणि मग आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) असे जिवंत खाद्यच लागते, आणि ते हॅचरीतच शक्य आहे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये या माशाचे बंदिस्त प्रजनन साधले. त्यापूर्वी तुमच्या भागात भरतीबरोबर येणारी पिलेच तळ्यात धरली जात.

म्हणून गोळीवर आणलेली, दोन-तीन इंचांची पिले घ्यावीत आणि घेताना ती गोळी खातात हे समोर पाहूनच पैसे द्यावेत. पुढचा धोका असा, की मोठे पिलू आपल्या लांबीच्या निम्म्याहून मोठ्या भावंडालाही गिळते. सुरुवातीचे महिना-दीड महिना दर पाच-सहा दिवसांनी चाळणीने आकारवारी करावी. खाद्य तरंगणारे, चाळीस टक्क्यांहून अधिक प्रथिनांचे असावे. भाताचा कोंडा आणि पेंड यांवर जिताडा वाढत नाही.

प्रश्न : बोटुकली विकण्यासाठी नेताना आदल्या दिवशी उपाशी का ठेवतात? (एक वाचक, जि. सोलापूर)

उत्तर : आतडे रिकामे व्हावे म्हणून. भरल्या पोटी पिशवीत घातलेली बोटुकली वाटेत विष्ठा टाकते, तीच कुजून अमोनिया वाढतो आणि पचनासाठी जास्त प्राणवायूही खर्च होतो. आदल्या दिवशी कापडी हाप्यात (पाण्यात बांधलेल्या कापडाच्या पेटीत), वाहत्या किंवा हलवलेल्या पाण्यात बारा ते चोवीस तास ठेवावे. हाप्याच्या तळाशी विष्ठेचे काळे धागे दिसायचे थांबले, की पिशव्या भरायला घ्याव्यात.