गेममधल्या सोन्याच्या भरवशावर नोकरी सोडावी का?

प्रश्न : मी २७ वर्षांचा असून नागपूरच्या मानेवाड्यात आईबाबांसोबत राहतो आणि बुटीबोरीच्या एका कारखान्यात स्टोअर विभागात काम करतो. हातात २६,००० रुपये पगार येतो. गेले सहा महिने रात्री एक ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळून त्यात जमवलेले सोने मी परदेशी खेळाडूंना विकतो. त्यातून आतापर्यंत ६६,००० रुपये मिळाले. नोकरी सोडून हेच पूर्ण वेळ करावे, बाबांची निवृत्तीच्या पैशांची चार लाखांची मुदत ठेव मोडून दोन चांगले संगणक घ्यावेत आणि उरलेल्या दीड लाखांत एका ब्लॉकचेन गेममधली, म्हणजे ज्यातल्या वस्तू क्रिप्टो या आभासी चलनात विकता येतात अशा गेममधली, पात्रे विकत घ्यावीत, असा विचार आहे. आपले मत काय?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुम्ही महिनावार हिशेब आणि खेळाचे तास दोन्ही लिहून पाठवलेत, ते फार बरे केलेत, कारण तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्याच कागदावर आहे. सहा महिन्यांची सरासरी ११,००० रुपये निघते हे खरे. पण आकडे क्रमाने वाचले तर पहिल्या महिन्यात १४,५००, मग १३,०००, ११,५००, १०,०००, ९,००० आणि शेवटच्या महिन्यात ८,००० असे ते उतरत गेले आहेत. त्याच काळात रोजचे खेळणे चार तासांवरून सहा तासांवर गेले. म्हणजे पहिल्या महिन्यात तासाला सुमारे १२० रुपये पडत होते आणि आता जेमतेम ४४ रुपये पडतात. कारखान्यात महिन्याला २६ दिवस, रोज आठ तास धरले, तर तुमचा तास १२५ रुपयांचा होतो. मालक भविष्य निर्वाह निधीत भरतो तो वाटा वेगळाच.

ही घसरण तुमच्या कौशल्यात काही उणे आहे म्हणून झालेली नाही. अशा गेममध्ये राक्षस मारला की सोने शून्यातून निर्माण होते; जितके खेळाडू, आणि त्याहून अधिक जितके बॉट, म्हणजे माणसाशिवाय आपोआप खेळणारे प्रोग्राम, ते जमा करत राहतात, तितकी चलनवाढ होते आणि त्याच सोन्याला रुपये कमी मिळतात. नवा भाग किंवा नवा हंगाम सुरू झाला की सर्वांचे हात रिकामे असतात आणि भाव चढतो, पुढे तो उतरत जातो. तुम्ही सुरुवात बहुधा अशाच चढत्या भावात केली असावी. म्हणून तास दुप्पट केल्याने उत्पन्न दुप्पट होईल हे तुमचे गृहीतक मला मान्य करता येत नाही.

याहून मोठी अडचण मालकीची आहे. खाते, पात्र, तलवार आणि सोने यांतले काहीही कायद्याने तुमचे नसते. कंपनी तुम्हाला फक्त वापराचा परवाना देते, आणि बहुतेक मोठ्या गेमच्या अटींत खऱ्या पैशांत सोने विकण्यास स्पष्ट मनाई असते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेममध्ये कंपनीने २०१५ मध्ये स्वतःचे टोकन आणले, पण सोने देऊन घेतलेल्या टोकनातून खेळण्याची मुदत किंवा कंपनीकडची शिल्लक मिळते, रोख रक्कम मिळत नाही. डायब्लो ३ या गेममध्ये तर खऱ्या पैशांचा लिलाव कंपनीनेच २०१२ मध्ये सुरू केला आणि १८ मार्च २०१४ रोजी तो बंदही केला. कंपनीच्या संमतीने चाललेला बाजार जिथे दोन वर्षांत संपतो, तिथे अटी मोडून चालणाऱ्या विक्रीवर घर चालवणे मला धोक्याचे वाटते. एका रात्री खाते बंद झाले, तर दाद मागण्याची सोय जवळजवळ नसते. शिवाय सोने हाती पडल्यावर खरेदीदाराने कार्ड कंपनीकडे तक्रार करून पैसे परत मागितले, तर सोनेही जाते आणि रक्कमही.

ब्लॉकचेन गेमविषयी माझे मत अधिक ठाम आहे : त्यात एक रुपयाही घालू नका. ॲक्सी इन्फिनिटी या व्हिएतनामी कंपनीच्या गेमचे उदाहरण पाहा. तो खेळण्यासाठी आधी त्यातले तीन आभासी प्राणी विकत घ्यावे लागत आणि २०२१ मध्ये फिलिपिन्समधील असंख्य कुटुंबांनी त्याच्या कमाईवर संसार चालवला. खेळून मिळणाऱ्या टोकनचा, म्हणजे त्या गेमच्या आभासी नाण्याचा, भाव त्या वर्षी तीस सेंटच्या वर गेला होता, तो वर्षभरात एका सेंटच्याही खाली आला, आणि मार्च २०२२ मध्ये त्या गेमच्या जाळ्यातून ६० कोटी डॉलरहून अधिक रकमेची चोरी झाली. जुन्यांची कमाई नव्याने येणाऱ्यांच्या पैशांतून होत होती. नवे येणे थांबले आणि भाव कोसळला. आपल्याकडे अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर उत्पन्न कितीही कमी असले तरी सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर उपकर लागतो, आणि एका टोकनातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. त्यात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी घातली असून, लावलेल्या पैशांच्या व्याख्येत विकत घेतलेली नाणी आणि टोकनही धरली आहेत. शिक्षा खेळणाऱ्याला नाही, चालवणाऱ्याला आहे. पण चालवणाराच उठून गेला तर तुमचे दीड लाख कुठे शोधणार?

संगणकांच्या खर्चात तुम्ही वीज धरलेली नाही. साडेतीनशे वॅटचा एक संगणक रोज दहा तास चालला तर महिन्याला शंभराच्या वर युनिट होतात, दोन चालले तर दोनशेच्या वर, आणि ते घरच्या वापरावर चढत असल्याने महावितरणचे वरच्या टप्प्याचे महाग दर लागू होतात. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांत त्या खोलीत दिवसभर कूलरही चालवावा लागेल.

तेव्हा माझा सल्ला असा की नोकरी सोडू नये आणि ठेवीला हात लावू नये. खेळणे बंद करा असे मात्र मी म्हणणार नाही. महिन्याचे आठ हजार तुमच्या घरात लहान रक्कम नाही. रोज तीन तासांची मर्यादा घाला, कारण सहा तास जागून सकाळी बुटीबोरी गाठणारा माणूस फार दिवस टिकत नाही. हे पैसे वेगळ्या बँक खात्यात घ्या, म्हणजे एखाद्या खरेदीदाराची रक्कम गैरव्यवहाराची निघून खाते गोठवले गेले, तरी पगार अडकणार नाही. क्रिप्टोत पैसे घेऊ नका. हे उत्पन्न विवरणपत्रात दाखवा. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट असल्याने तुम्हाला कर लागणार नाही, आणि पुढे कर्जासाठी ते विवरणपत्र उपयोगी पडेल. या खात्यात आधी सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम साठू द्या, आणि त्यानंतरच्या शिलकीतून, हवा असल्यास, एक संगणक घ्या.

बाबांशी या ठेवीबद्दल बोलणे झाले आहे की नाही, हे तुमच्या पत्रात कुठेही नाही. सात टक्के व्याज धरले तरी तिचे वर्षाला २८,००० रुपये होतात, आणि दवाखान्याचा खर्च निघाला तर त्यांच्याजवळ दुसरे काय आहे, हे आधी त्यांना विचारा. माझे हे उत्तर त्यांनाही वाचायला द्यावे, अशी विनंती आहे.