"मॅडम, माझा वकील फुटलाय"

शोभाताई (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) खुर्चीत टेकायच्या आधीच हे बोलल्या. कोरेगावहून एसटीनं साताऱ्याला आलेल्या. मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी, तिच्यात कोर्टाचे कागद आणि एक वही. नवऱ्यापासून वेगळं होऊन दोन वर्षं झालेली, आठवीतली मुलगी सोबत, पोटगीचा अर्ज टाकून दहा महिने. झोप लागत नाही म्हणून त्यांना कुणीतरी माझ्याकडे समुपदेशनाला पाठवलं होतं. पहिल्या तासाभरात नवऱ्याबद्दल त्या दोन वाक्यं बोलल्या असतील. बाकी सगळा वेळ वकील.

फुटल्याचा पुरावा काय, तर कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये आपले वकील आणि नवऱ्याचे वकील एका टेबलावर चहा पिताना दिसले. नुसता चहा नाही, हसत होते. शिवाय फोन उचलत नाहीत. पाच तारखा झाल्या, काही घडलं नाही. 16,000 रुपये दिले, पावती एकाचीही नाही. आणि सगळ्यात जिव्हारी लागलेली गोष्ट म्हणजे, पहिल्या भेटीत लग्नापासूनचं सांगायला घेतलं तर दहा मिनिटांत ते म्हणाले, "ताई, मुद्द्याचं बोला."

मी त्या दिवशी चूक केली. म्हटलं, "मग बदला की वकील." आम्हा समुपदेशकांना दिवसभर एकच बाजू ऐकायची सवय असते, तिचा हा परिणाम. शोभाताईंचा चेहरा उजळला. दुसरे वकील त्यांनी हेरूनच ठेवले होते, नणंदेच्या ओळखीचे. ते आधी फी घेणार नव्हते. पोटगीचे पैसे हातात आले की त्यातले 20 टक्के द्यायचे, आणि पोटगी शंभर टक्के मिळणारच.

इथं मी सावध झाले. निकालावर फी ठरवणं, मिळणाऱ्या रकमेत वाटा मागणं बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांचं नियमन करणाऱ्या संस्थेच्या, नियमांना चालत नाही. आणि निकाल न्यायाधीशांच्या हातात असताना शंभर टक्क्यांची हमी वकील कुठून आणणार? चांगला वकील "प्रयत्न करू, तुमची ही बाजू भक्कम आहे, ही लंगडी आहे" असं सांगतो, आणि ते ऐकायला गोड नसतं. मी माझा सल्ला तिथल्या तिथं मागे घेतला आणि त्यांना आठवडाभर थांबायला सांगितलं.

पुढच्या वेळी आम्ही फोनवर ई-कोर्ट्सचं ॲप उघडलं. प्रत्येक प्रकरणाला 16 अंकाक्षरांचा एक सीएनआर क्रमांक असतो. तो टाकला की मागच्या तारखा आणि पुढची तारीख दिसते, बहुतेक वेळा त्या दिवशी काय झालं तेही. हा क्रमांक आपल्याला हवा असतो हेच शोभाताईंना माहीत नव्हतं. वकिलांनी दिला नाही आणि यांनी मागितला नाही. कागदांच्या गठ्ठ्यात सापडला.

पाच तारखांचा हिशोब असा निघाला. पहिल्या तारखेला नवऱ्याला नोटीस बजावलीच गेली नव्हती. दुसऱ्या तारखेला न्यायाधीश रजेवर. तिसऱ्या वेळी समोरच्यांनी म्हणणं द्यायला मुदत मागितली. चौथ्या आणि पाचव्या तारखेपुढे मात्र अर्जदारानं प्रतिज्ञापत्र दाखल करायचं बाकी आहे, असं लिहिलं होतं. अर्जदार म्हणजे शोभाताईच.

"हे कसलं प्रतिज्ञापत्र?" मी विचारलं. त्या पिशवीचे बंद नीट करायला लागल्या.

पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी शपथेवर लिहून द्यावी लागतात. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'रजनेश विरुद्ध नेहा' या प्रकरणात ते देशभर सक्तीचं केलं. ते भांडणही आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेलं. शोभाताईंच्या वकिलांनी त्यासाठी पासबुकं तीनदा मागितली होती. यांनी तीनदा "आणते" म्हणून आणली नव्हती. का, तर त्या ब्लाउज शिवतात, महिन्याला सहा-सात हजार सुटतात, आणि पतसंस्थेत भावानं ठेवलेली एक ठेव आहे. वकिलांना त्यांनी सांगितलं होतं, "मला एक रुपया कमाई नाही."

तेव्हा मला त्यांच्या न लागणाऱ्या झोपेचा उलगडा झाला. वकील फुटेल याची भीती होतीच, पण त्याखाली वेगळी भीती होती. आपलं खोटं त्याला कळलं आणि त्याच चहाच्या टेबलावर तो बोलून गेला तर?

दोन गोष्टी मी त्यांना सांगितल्या. अशिलानं वकिलाला सांगितलेलं वकील त्याच्या संमतीशिवाय बाहेर काढू शकत नाही. आधी हे जुन्या पुरावा कायद्यात होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मध्ये आहे. गुन्हा करायला मदत मागितली तर हे संरक्षण नाही, पण शिलाईचं उत्पन्न सांगणं हा गुन्हा नव्हे. दुसरी गोष्ट, बायको थोडं कमावते एवढ्यानं पोटगी बुडत नाही. त्या कमाईत तिचं आणि मुलीचं भागतं का, हे कोर्ट बघतं. उलट उलटतपासणीत नवऱ्याच्या वकिलानं शिलाईच्या दुकानाचा फोटो समोर ठेवला, तर तुमचं खरं बोलणंही खोट्यात जमा होईल.

"मग हे वकिलांनी का नाही सांगितलं?"

सांगायला हवं होतं. तिथं मी वकिलांची बाजू घेणार नाही. त्यांनी पावत्या द्यायला हव्या होत्या, तारखेला काय झालं ते दोन ओळींत कळवायला हवं होतं. शोभाताईंनी एका कोऱ्या कागदावरही सही केली होती, ती घ्यायलाच नको होती. वकीलपत्रावर सही लागते, पण प्रतिज्ञापत्र किंवा तडजोडीची पुरसिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) पूर्ण वाचून, नाही तर वाचून घेऊन, मगच सही करायची असते. तडजोड करायची की नाही हेही अशिलानं ठरवायचं, वकिलानं नाही.

पण "मुद्द्याचं बोला" याचा राग मी त्यांच्याकडून हळूहळू सोडवून घेतला. लग्नात मानपान कसा झाला, सासू काय बोलली, हे ऐकायला मी आहे, आणि इथं रडायला तासभर आहे. वकिलाला त्यातलं काय कोर्टात टिकेल तेवढं हवं असतं. म्हणून आम्ही दोघींनी एक पान लिहिलं: लग्न कधी, घर कधी सोडलं, नवरा कुठं नोकरीला, मुलीच्या शाळेची फी, घरभाडं, स्वतःची कमाई. सगळ्यात अवघड गेली ती शेवटची ओळ. ती त्यांनी स्वतः लिहिली, दोनदा खोडून.

भेटीला मी गेले नाही, जायचंही नसतं. परत येऊन त्यांनी जे सांगितलं ते असं. वकीलसाहेब चिडले. "हे आधी सांगितलं असतं तर दोन तारखा वाचल्या असत्या." मग शोभाताईही चिडल्या आणि चहाचं सगळं बोलून टाकलं. त्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "अहो ताई, त्यांची-माझी आणखी अकरा मॅटर्स आहेत. प्रत्येकात अबोला धरला तर माझं कामच बंद पडेल. कोर्टात उभा राहीन तेव्हा बघा मी कसा बोलतो ते." फोनचं असं ठरलं की दिवसा कोर्ट, म्हणून संध्याकाळी सहानंतर, नाहीतर ज्युनिअरला मेसेज. मागच्या पैशांच्या नोंदीवर शोभाताईंच्या वहीतच सही केली, पुढची फी टप्प्याटप्प्यानं लिहून दिली. कोऱ्या सहीचा कागद परत मागितला तो त्यांनी समोर फाडला.

नसतं जमलं तर वाट बंद नव्हती, हेही मी त्यांना सांगून ठेवलं होतं. वकील बदलता येतो. जुन्या वकिलांची 'ना हरकत' घ्यायची पद्धत आहे, आणि फी बाकी आहे म्हणून कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं 2000 सालीच सांगितलंय. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन 15100. गंभीर गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे. ग्राहक न्यायालयात मात्र जाता येत नाही. वकिली सेवा त्या कायद्यात बसत नाही, असा निकाल मे 2024 मध्ये लागला.

अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची, पोटगी मंजूर झाली, मागितली होती त्यापेक्षा बरीच कमी. नवऱ्यानं दोन महिने भरली आणि थांबवली. आता वसुलीचा अर्ज आहे. परवा शोभाताई आल्या तेव्हा वहीत नवा रकाना दिसला, 'आज काय झालं'. वकील फोन अजूनही तिसऱ्यांदाच उचलतात, अशी तक्रार आहेच.

"वसुलीला किती तारखा लागतील विचारलं," त्या म्हणाल्या. "तर म्हणे, सांगता येत नाही."

"मग?"

"मग काय. नणंदेच्या वकिलानं सांगितलं असतं."