जावास्क्रिप्टमध्ये सी सारखा मॅक्रो करून फंक्शन इनलाइन करता येतं का, म्हणजे कॉलच्या जागी थेट त्याचा कोडच टाकता येतो का?

थेट नाही, जावास्क्रिप्टला प्रीप्रोसेसरच, म्हणजे कंपाइल होण्याआधी मॅक्रोच्या जागी कोड भरणारा टप्पाच, नाहीये. पण लूपमधल्या छोट्या फंक्शनच्या कॉलचा खर्च वाचवायचा असेल तर ते काम क्रोममधलं व्ही८ हे जावास्क्रिप्ट इंजिन स्वतःच करतं, सतत चालणारी छोटी फंक्शन्स त्याचा टर्बोफॅन कंपायलर आपोआप इनलाइन करतो. इथे हिंजवडीत रिव्ह्यूला कॉल वाचवायला म्हणून हाताने जागोजागी कॉपी-पेस्ट केलेला कोड येतो तेव्हा खरंच वाईट वाटतं, कारण बग एका जागी सुटतो आणि बाकीकडे तसाच राहतो. आणि मॅक्रोचा घोळ वेगळाच, संख्येचा वर्ग काढणाऱ्या मॅक्रोला आय++ दिलं की ते दोन ठिकाणी जसंच्या तसं भरलं जातं आणि आय दोनदा वाढतो! बिल्डमध्येच हवं असेल तर टर्सर किंवा क्लोजर कंपायलर यांसारखं कोड आटोपशीर करणारं टूल लाव, पण आधी क्रोमच्या डेव्हटूल्सच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये मोजून बघ, बऱ्याचदा वेळ डॉममध्येच, म्हणजे पानावरचे घटक बदलण्यातच, जात असतो.