तळ्यातली जेलीफिश अचानक आली कुठून?

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका तळ्यात ऑगस्टअखेर पोहताना नाण्याएवढ्या पारदर्शक जेलीफिश दिसल्या. आधीच्या वर्षांत तिथे एकही नव्हती. त्या डंख मारतात का, पाणी बिघडलंय का, आणि बरणीत घालून घरी नेल्या तर जगतील का?

आधी ओळख पक्की करू. गोड्या पाण्यातली ही जात म्हणजे क्रॅस्पेडाकुस्टा सोवर्बी. छत्रीचा, म्हणजे घुमटासारख्या अंगाचा, व्यास फार तर 20 ते 25 मिलिमीटर, कडेला शेकडो बारीक तंतू, मधोमध लोंबणारी तोंडाची नळी आणि तिथून कडेपर्यंत अधिकच्या चिन्हासारख्या गेलेल्या चार नळ्या. त्या नळ्यांना लटकलेल्या चार दुधी पिशव्या म्हणजे जननग्रंथी. छत्री आकसत-फुलत वर चढते, मग तंतू पसरून संथपणे खाली उतरते आणि उतरतानाच शिकार पकडते. हे दिसलं तर शंकाच नको. बुडालेल्या काठीला चिकटलेला मोठा लिबलिबीत गोळा बहुतेक वेळा ब्रायोझोआ या बारीक जलचरांची वसाहत असते, आणि वसंतातला जेलीचा पुंजका म्हणजे बेडकाची किंवा सॅलमँडरची अंडी.

डंखपेशी तिला आहेत, पण त्या डॅफ्निया आणि कोपेपॉडसारख्या बारीक जीवांसाठी. माणसाला सहसा काही जाणवतही नाही. खुशाल पोहा.

आता 'अचानक' या शब्दाबद्दल. जेलीफिश या वर्षी आली असं समजू नका, या वर्षी ती फक्त दिसली. हा प्राणी बाराही महिने तळाशी असतो, पॉलिपच्या रूपात: जेमतेम एक मिलिमीटर उंच, तंतू नसलेला, दगडाला, बुडालेल्या लाकडाला किंवा शिंपल्याला चिकटलेला. अंगाच्या चिकट थरावर गाळाचे कण बसतात, त्यामुळे समोर असूनही ओळखू येत नाही. थंडी पडली की तो आकसून टणक पुटीत, म्हणजे संरक्षक कवचात, शिरतो. पाणी 25 अंश सेल्सियसच्या आसपास तापलं आणि खाद्य मुबलक असलं, तरच पॉलिपला कळ्या येऊन छत्र्या, म्हणजे पोहणाऱ्या जेलीफिश, सुटतात. सुटताना त्या मिलिमीटरभरच असतात, आणि पुढे काही आठवड्यांत खेळ संपतो. म्हणून एका उन्हाळ्यात हजारो, तर पुढची कित्येक वर्षं एकही नाही. एका तळ्यातल्या सगळ्या छत्र्या नर किंवा सगळ्या मादी असंही पुष्कळदा आढळतं, कारण त्या एकाच पॉलिपच्या वंशातल्या असू शकतात.

त्यामुळे छत्र्या दिसल्या म्हणून पाणी शुद्ध ठरत नाही आणि घाणही ठरत नाही. दोन्ही समजुती सारख्याच जोरात फिरतात! मूळचा हा जीव चीनमधल्या यांगत्से खोऱ्यातला. शास्त्रज्ञांना तो पहिल्यांदा दिसला 1880 मध्ये, लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या राक्षसी कमळांच्या हौदात. अमेरिकेतल्या पहिल्या नोंदी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या. पाणवनस्पती आणि सोडलेल्या माशांबरोबर पुट्या पसरल्या असाव्यात.

निरीक्षणासाठी काही जेलीफिश घ्यायच्याच असतील तर जाळी वापरू नका, छत्री फाटते. रुंद तोंडाची बरणी पाण्याखाली तिरकी धरा, जेलीफिश पाण्यासकट आत येऊ द्या, आणि बुडबुडा न ठेवता झाकण पाण्यातच लावा. लिटरभर पाण्यात दोन-तीन पुरेत. बरणी सावलीत ठेवा, उन्हात पाणी भराभर तापतं. नळाचं पाणी मिसळू नका, त्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. फोटोसाठी मागे काळं कापड आणि उजेड बाजूने. समोरून फ्लॅश मारलात तर फोटोत नुसती काचच चमकेल. काही तासांत त्याच तळ्यात सोडून द्या. घरी नेऊन टिकतील ही आशा सोडा: जिवंत प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) रोज पुरवावं लागतं आणि तरीही आयुष्य आठवड्यांचंच.

त्यापेक्षा काठाजवळचा एखादा दगड तळ्याच्याच पाण्यात पसरट भांड्यात ठेवा, गाळ बसू द्या आणि दहापट भिंगाने हळूहळू कडा तपासा. पॉलिप सापडला तर छत्र्यांपेक्षा मोलाची नोंद होईल.

नोंद अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याकडे (यूएसजीएस) करता येते, त्यांच्याकडे परक्या जलचरांची नोंदवही आहे. तारीख, नेमकी जागा, पाण्याचं तापमान, अंदाजे संख्या आणि शेजारी नाणं ठेवून काढलेला फोटो द्या. होडी दुसऱ्या तळ्यात नेणार असाल तर तळाचं बूच (प्लग) काढून आतलं पाणी पहिल्या तळ्यापाशीच सांडा. मिनेसोटात तसा कायदाच आहे. आणि वनस्पतींचे तुकडे नांगराच्या दोरीवरूनही काढा, पुट्या तिथेच अडकलेल्या असू शकतात.