२०२० मध्ये मुंबईत दुकानं एक दिवसाआड का उघडायची?

बाजारातली गर्दी निम्म्यावर यावी म्हणून. 'मिशन बिगिन अगेन'मध्ये, म्हणजे राज्य सरकार कोरोनाची टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठवत असताना, ५ जून २०२० पासून रस्त्याच्या एका बाजूची दुकानं विषम तारखेला आणि समोरची सम तारखेला उघडायची. मॉल बंदच. कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूम वापरायची नाही, घेतलेला माल बदलून द्यायचा नाही. मग मापाची खात्री नसलेलं गिऱ्हाईक खरेदी कशाला करेल? धंदा अर्धा, भाडं मात्र पूर्ण महिन्याचं. हेतू रास्तच होता, पण छोट्या दुकानदारांना त्याच वेळी भाड्यात आणि करात सवलत मिळायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. ५ ऑगस्टपासून दोन्ही बाजू रोज सुरू झाल्या, मॉलही उघडले. हॉटेलात बसून जेवायला ५ ऑक्टोबर उजाडला, तोही निम्म्या क्षमतेने.