नॅनोटेक्नॉलॉजी आणि साऊंड मिळून आर्ट कसं होतं? फायनल इयरला असा प्रोजेक्ट घेऊ का, आणि सुरुवात कुठून करू?

घ्या की, कोण नाही म्हणतंय. पण सुरुवात कुठून करू असं विचारलंय म्हणून सांगतो, आधी हे ठरवा की तुम्ही खरा आवाज ऐकवणार का नुसते आकडे घेऊन त्याला कीबोर्डचा आवाज चिकटवणार. दोन्हीला लोक सरसकट साऊंड आर्ट म्हणतात आणि माझं डोकं तिथंच फिरतं.

खरा आवाज म्हणजे २००४ साली अमेरिकेत यूसीएलए विद्यापीठात अँड्र्यू पेलिंग आणि जेम्स गिमझेव्स्की या शास्त्रज्ञांनी केलं ते. यीस्टच्या जिवंत पेशीवर अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपची (हा बघत नाही, बारीक सुईनं चाचपतो) सुई टेकवली, तर पेशीची भिंत जेमतेम ३ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) हलत होती पण सेकंदाला ८०० ते १६०० वेळा, म्हणजे आपल्या कानाच्या टप्प्यातच, फक्त मोठा करायचा आवाज. गरम केलं की स्वर चढतो, पेशीचं काम बंद पाडणारं रसायन घातलं की गप्प. त्याच आवाजांवर अ‍ॅन नीमेट्झ या आर्टिस्टनं पेलिंगबरोबर पुढं काम केलं.

अमेरिकेतल्याच कॉर्नेल विद्यापीठाची गिटारपण माहिती असेल, १९९७ ला सिलिकॉनमध्ये कोरलेली, लांबी १० मायक्रोमीटर. २००३ ला तसलीच दुसरी लेझरनं वाजवली, स्वर साध्या गिटारपेक्षा १७ सप्तकं वर, कुत्र्यालापण ऐकू येणार नाही. तो खाली उतरवून ऐकवला तरी माझी हरकत नाही, उतरवलाय एवढं सांगा म्हणजे झालं.

आता माझं. मी मिरजेचा, काका तंबोरे करतात. कॉलेजला फायनलला मी तंबोऱ्याच्या घोडीला, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीला, पायझो माईक (वस्तूला चिकटवून तिची थरथर पकडणारा) चिकटवून काका जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढतानाचा सगळा आवाज घेतला, म्हणजे घोडी घासायची, तार छेडायची, तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, परत घासायचं, आणि प्रत्येक वेळी तोच सा वेगळाच उघडतो. अंधाऱ्या खोलीत चार कोपऱ्यांत स्पीकर ठेवून लावलं. परीक्षक म्हणाले छान आहे पण हे क्राफ्ट झालं. आणि पहिला नंबर कुणाला, तर नॅनोपार्टिकलच्या मायक्रोस्कोप फोटोवरून रेघ फिरवून पांढरा ठिपका आला की वरचा सा आणि काळा आला की खालचा, मागं सिंथचा धूर, असलं करणाऱ्याला! मी विचारलं स्केल कुणी ठरवली, तर म्हणाला सॉफ्टवेअरमध्येच होती. पोरं हसली, परीक्षक नाही हसले, उलट मलाच सुनावलं की तुला कन्सेप्ट कळत नाही.

काका आले होते बघायला. हेडफोन लावून त्या पहिल्या नंबरवाल्याचं पूर्ण ऐकलं त्यांनी, आणि म्हणाले, "ठिपक्याच्या जागी आपल्या म्हशीचा फोटो घातला तरी असंच वाजंल की रं."

तुमच्या प्रोजेक्टला हीच परीक्षा लावा. वस्तू बदलली, गरम केली, जिवंत असेल तर मारून टाकली, तर आवाज बदलतो का? यीस्टचा बदलतो. व्हिक्टोरिया वेस्ना या आर्टिस्टनं गिमझेव्स्कीबरोबर केलेली ब्लू मॉर्फ ही कलाकृतीपण बघा, फुलपाखराच्या कोषातल्या हालचालीचे आवाज आहेत त्यात, आणि त्या पंखांचा निळा हा रंगद्रव्याचा नाहीच, खवल्यांवरच्या नॅनो रचनेमुळं दिसतो. तिथं नॅनो शब्द शोभेला लावलेला नाही.

यीस्टच्या थरथरीवर काही शास्त्रज्ञांनी तेव्हाच शंका काढली होती, हालचाल पेशीची का बाहेरून आलेली म्हणून, तेवढं लिहा रिपोर्टमध्ये. आणि आकड्यांवरून आवाज करणारे सगळेच भंपक असं नाही म्हणत मी, नियम विचार करून ठरवला असेल तर चालतं. आमच्यातला तो तसा नव्हता.

मायक्रोस्कोपसारख्या मशीनसाठी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्सवाले आहेत, गाईडचं पत्र घेऊन जा. नाहीच जमलं तर मिरजेला सतारमेकर गल्लीत या, पायझो माईक काय महाग नाही. २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे ही वस्तू या गावचीच असा सरकारी शिक्का, मिळाला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रुपवर बातमी टाकलेली, त्याच परीक्षकांनी खाली लिहिलं, "अभिमानास्पद". क्राफ्ट होतं ना ओ सर?